ऊसिस्ट सापडले, पण ते अजून लागण करू शकतात का? चाचणी कोणती लावायची?

गाळणी_११ (प्रश्न)

शुद्ध केलेल्या पाण्यात क्रिप्टोस्पोरिडियम (क्रिप्टो) आणि जिआर्डिया हे जुलाब करणारे परजीवी शोधायला ईपीए या अमेरिकी पर्यावरण संस्थेची १६२३.१ पद्धत वापरतो. १० लिटर पाणी फिल्टरमधून, फिल्टर धुऊन निघालेलं पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये, मग चुंबकी मण्यांनी वेगळं करणं, शेवटी स्लाइडवर फ्लुओरेसंट प्रतिपिंड आणि डॅपी (डीएनए निळा रंगवणारं रंजक). आकडा मिळतो, समजा १० लिटरला ४ ऊसिस्ट (क्रिप्टोची जाड कवचाची, अंड्यासारखी अवस्था). त्यावर लगेच विचारलं जातं की हे जिवंत आहेत की मेलेले. पाण्याला आधी क्लोरिन दिलेलं असतं आणि शेवटी यूव्ही (अतिनील किरण).

हाताशी फ्लुओरेसन्स आणि डीआयसी (रंग न देता आतला ऐवज उठून दाखवणारी सोय) असलेला मायक्रोस्कोप, ३७ अंशांचा इन्क्युबेटर आणि क्यूपीसीआर (डीएनए वाढवून मोजणारं यंत्र) आहे. उंदीर ठेवायची सोय नाही. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

१. डॅपी आणि प्रोपिडियम आयोडाइडची (पीआय, फाटलेल्या पडद्यातूनच आत जाणारं लाल रंजक) जोडी पुरेशी आहे का?
२. ती १६२३.१ मध्ये नेमकी कोणत्या टप्प्यावर बसवायची?
३. नमुन्यात चार-पाचच ऊसिस्ट असतील तर काय करायचं?

भाज्यांची पानं धुतलेल्या पाण्यातून आलेले नमुनेही असतात, त्याबद्दलही कोणी लिहिलं तर बरं.

---

कवचापलीकडे

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तुमच्या पाण्यासाठी पुरेशी नाही, आणि त्याचं कारण यूव्ही.

हिरवं चमकतं ते फक्त कवच. प्रतिपिंड ऊसिस्टच्या भिंतीला चिकटतं, त्यामुळे रिकामं टरफलही भरलेल्या ऊसिस्टइतकंच छान चमकतं. १६२३.१ मधला डॅपी मिथेनॉलने स्थिर केल्यानंतर लावतात, म्हणजे तो केंद्रकं आहेत की नाहीत एवढंच सांगतो. जिवंतपणाच्या चाचणीत डॅपी वेगळ्या कामासाठी वापरतात. नाव एकच असल्याने इथे फार गोंधळ होतो.

म्हणून तीन प्रश्न वेगळे ठेवा. आत काही आहे का? जे आहे त्याचा पडदा शाबूत आहे का? आणि ते आतड्याच्या पेशीत शिरून वाढू शकतं का? पीआय दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. आरोग्याचा निर्णय तिसऱ्यावर ठरतो.

यूव्ही पडदा फाडत नाही, डीएनएवर घाव घालतं. ऊसिस्ट दिसायला ठणठणीत राहतो, पीआय आत शिरत नाही, पित्ताचे क्षार दिले की त्यातून स्पोरोझोइट (आतले लागण करणारे जीव) बाहेरही पडतात. फक्त पेशीत गेल्यावर त्यांची वाढ होत नाही. १९९० च्या दशकात बराच काळ यूव्ही क्रिप्टोवर चालत नाही असं मानलं जायचं, कारण मोजमाप रंजकांनी आणि एक्सिस्टेशनने (ऊसिस्ट उघडून स्पोरोझोइट बाहेर पडतात का ते पाहून) होत होतं. १९९८ च्या सुमारास उंदरांच्या पिल्लांवर चाचण्या झाल्या तेव्हा चित्र पालटलं. आज अमेरिकी नियमात क्रिप्टोच्या ३ लॉग घटीसाठी (हजारात एकच उरेल अशा) १२ मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर एवढीच मात्रा धरतात. तुमच्या यूव्हीनंतरच्या नमुन्यावर पीआय लावलात तर बहुतेक सगळे 'जिवंत' दिसतील आणि यंत्र बंद असल्यासारखा रिपोर्ट जाईल.

क्लोरिनचं उलट आहे. त्याने क्रिप्टो जवळजवळ मरतच नाही. ७.५ पीएच आणि २५ अंशांवर ३ लॉगसाठी सीटी (क्लोरिनची मात्रा गुणिले मिनिटं) १५,३०० लागतो, म्हणजे लिटरला १ मि.ग्रॅ. क्लोरिन असेल तर साडेदहा दिवसांहून जास्त. तेव्हा तुमच्या नमुन्यात जे मेलेले असतील त्यांच्यावर क्लोरिनचा हात फारसा नाही.

उष्णता, गोठणं, वाळणं या तिन्हींत पडदा फाटतो, तिथे पीआय चांगलं काम करतं. ओझोन आणि क्लोरिन डायऑक्साइडमध्ये पीआय मागे पडतं. ऊसिस्ट लागण करायच्या अवस्थेत उरलेला नसतो, पण पीआय त्याला बराच वेळ जिवंतच दाखवतं. चूक सुरक्षित बाजूला होते हे खरं. पण त्यावरून मात्रा ठरवलीत तर उगाच दुप्पट ओझोन सोडाल.

---

शून्य_दशांश

दुसऱ्या प्रश्नाचं मी लिहितो, कारण चुका इथेच होतात.

सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे मण्यांपासून ऊसिस्ट सोडवण्याची पायरी. १६२३.१ मध्ये ८० अंशांवर १० मिनिटं तापवून सोडवायची मुभा आहे. त्याने ऊसिस्ट जास्त हाती लागतात आणि डॅपीही उजळ दिसतो. पण तिथेच सगळे मरतात. जिवंतपणा पाहायचा असेल तर आम्लानेच सोडवा: ५० मायक्रोलिटर ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, ५० सेकंद व्हॉर्टेक्स, १० मिनिटं उभं ठेवा, पुन्हा ३० सेकंद व्हॉर्टेक्स, चुंबकाने मणी बाजूला, आणि द्रव ५ मायक्रोलिटर १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये. ते ५ मायक्रोलिटर आधीच नळीत घालून ठेवा, म्हणजे विसरायचा प्रश्न येत नाही. स्लाइडवर वाळवायचं नाही, मिथेनॉल लावायचं नाही. रंग नळीतच द्यायचा.

पुढची कृती अशी.

- ऊसिस्ट १०० मायक्रोलिटर हँक्स या क्षारांच्या द्रावणात घ्या. आम्लाची पूर्वतयारी करायची असेल तर २.७ पीएचच्या हँक्समध्ये ३७ अंशांवर १ तास ठेवून धुवा. याने डॅपी आत जायला वाट होते.
- त्यात १० मायक्रोलिटर डॅपी (मिथेनॉलमध्ये मिलिलिटरला २ मि.ग्रॅ.) आणि १० मायक्रोलिटर पीआय (फॉस्फेट बफरमध्ये मिलिलिटरला १ मि.ग्रॅ.) घाला. ३७ अंशांवर २ तास, अंधारात.
- हँक्सने दोनदा धुवा. प्रतिपिंड शेवटी द्या.
- हिरव्यात ऊसिस्ट शोधा, मग मायक्रोस्कोपचा फिल्टर बदला. निळे ठिपके दिसतात आणि लाल नाही: पडदा शाबूत. लाल आहे: मेलेला. निळं नाही, लाल नाही, पण डीआयसीत आत ऐवज दिसतो: याला आम्लाचा टप्पा दिला तरच निकाल सांगता येतो, आधी नाही. निळं नाही, लाल नाही, आत काहीच नाही: रिकामं टरफल.

शेवटच्या दोन गटांची गल्लत झाली की टक्केवारी पार बदलते. डीआयसी नसलेल्या मायक्रोस्कोपवर ही चाचणी करूच नका.

दर वेळी दोन कंट्रोल (तुलनेचे नमुने) हवेतच. एक ताजे ऊसिस्ट, दुसरे त्याच खेपेतले ७० अंशांवर ३० मिनिटं तापवलेले. दोन्ही कंट्रोल फिल्टरपासून मण्यांपर्यंतच्या सगळ्या वाटेने न्या, फक्त रंगाच्या टप्प्यावर घालू नका. ताज्या कंट्रोलमध्ये निम्मे लाल निघाले तर दोष तुमच्या वाटेत आहे, नमुन्यात नाही. ऊसिस्ट २.५ टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये ठेवलेले असतील तर ते पूर्ण धुऊन काढा. आणि नमुना कधीही गोठवू नका. ४ अंशांवर ठेवा, पाणी घेतल्यापासून ९६ तासांच्या आत फिल्टर धुवायला घ्या.

सुक्रोज किंवा पर्कोलवर तरंगवून स्वच्छ केलेला नमुना असेल तर एक लक्षात ठेवा. फुटके आणि रिकामे ऊसिस्ट तळाला जातात, वर धडधाकट येतात. मग टक्केवारी नमुन्याची न राहता तुमच्या तरंगवण्याची होते.

---

कवचापलीकडे

यात एक भर. चार-पाचच ऊसिस्ट असतील तर काय, या तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर उगाच मेहनत घेऊ नका, साधा हिशोब करा. १० ऊसिस्ट पाहिले आणि एकही जिवंत नाही, तरी ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की जिवंत सुमारे २६ टक्क्यांपेक्षा कमी आहेत. १०० पाहून शून्य मिळालं तर मर्यादा साधारण ३ टक्के, म्हणजे दीड लॉग. ३ लॉग घट मायक्रोस्कोपवर दाखवायची तर सुमारे ३,००० ऊसिस्ट मोजून सगळे मेलेले निघावे लागतील. चार ऊसिस्टवरून 'पाणी सुरक्षित' किंवा 'असुरक्षित' यातलं काहीच निघत नाही.

मग प्रक्रिया तपासायची असेल तर ठरावीक संख्येचे जिवंत ऊसिस्ट घालून प्रयोगशाळेतच यूव्ही किंवा ओझोन द्या आणि आधी-नंतर फरक काढा. नैसर्गिक नमुन्यातले मोजके ऊसिस्ट रंगवण्यात वेळ घालवण्यापेक्षा ते कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर) टाका.

---

पेशी_आणि_पेटी

कल्चरचं सांगतो, कारण उंदीर नसताना 'पेशीत शिरून वाढू शकतं का' या प्रश्नाचं उत्तर देणारी हीच चाचणी आहे.

एचसीटी-८ या आतड्याच्या पेशी घ्या. आरपीएमआय १६४० माध्यम, १० टक्के फीटल बोवाइन सीरम, ८ कप्प्यांची चेंबर स्लाइड. दोन-तीन दिवसांत थर जवळजवळ पूर्ण भरला की तो वापरायच्या लायक होतो. विरळ थरावर टाकलंत तर फोकस (लागणीचे पुंजके) कमी मिळतात. फार जुना, एकावर एक चढलेला थर धुताना पापुद्र्यासारखा निघून जातो आणि मोजायला काही उरत नाही.

ऊसिस्टला आधी पोटाचा अनुभव द्यावा लागतो: आम्ल हँक्समध्ये १ टक्का ट्रिप्सिन, ३७ अंशांवर १ तास, दर १५ मिनिटांनी व्हॉर्टेक्स. मग धुऊन माध्यमात मिसळायचं आणि पेशींवर टाकायचं. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ४८ ते ७२ तास. नंतर बफरने हलक्या हाताने धुवा, मिथेनॉलने १० मिनिटं स्थिर करा आणि परजीवीच्या पेशीतल्या अवस्थांना चिकटणारं प्रतिपिंड लावा. इथे भिंतीला चिकटणारं प्रतिपिंड चालत नाही. टाकलेले ऊसिस्ट थरावर पडलेले असतातच, ते चमकले की लागण झाल्यासारखं वाटतं. खरा फोकस ओळखू येतो: एका जागी गोळा झालेले लहान-मोठे चमकते ठिपके, मधे दाट, कडेला विरळ. एकटादुकटा ४ ते ६ मायक्रॉनचा गोल असेल तर तो मोजू नका.

दहापटीने पातळ करत जा, प्रत्येक पातळीला पुरेसे कप्पे ठेवा, किती कप्प्यांत लागण झाली त्यावरून एमपीएन (सर्वांत संभाव्य संख्या) काढा. प्रक्रिया न केलेल्या आणि केलेल्या नमुन्याच्या एमपीएनच्या लॉगमधला फरक म्हणजे तुमची घट. तापवून मारलेल्या ऊसिस्टचे कप्पे कायम बाजूला ठेवा. तिथे एकही फोकस दिसला तर सगळी स्लाइड बाद.

पीसीआरने वाचायचं म्हणाल तर तिथेही सापळा आहे. मेलेल्या ऊसिस्टचा डीएनए कप्प्यात राहतो आणि यंत्र तो आनंदाने वाढवतं. म्हणून नीट धुवा, आणि डीएनएऐवजी एचएसपी-७० या जनुकाचा एमआरएनए (जिवंत पेशीत बनणारी, लवकर विरणारी प्रत) वाचा, डीएनेज (डीएनए तोडणारं विकर) दिल्यानंतर. डीएनेज न दिलेला आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं विकर) न घातलेला असे दोन्ही कंट्रोल लावा. पीएमए (मेलेल्यांचा डीएनए बांधून पीसीआरमधून वगळणारं रंजक) देऊन थेट क्यूपीसीआर करायचा मोह होतो, काम झटपट आहे. पण पीएमए आत जायला फाटलेला पडदाच लागतो. म्हणजे पीआयचंच भावंड, यूव्हीपुढे तितकंच आंधळं.

खऱ्या पाण्याच्या नमुन्यात दोन त्रास हमखास होतात. जीवाणू आणि बुरशी तीन दिवसांत माध्यम गढूळ करतात, म्हणून पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन आणि ॲम्फोटेरिसिन द्या. गाळामुळे पेशी सुटतात. तो त्रास मण्यांची पायरी नीट झाली तर निम्म्याहून कमी होतो. ऊसिस्ट बर्फावर ठेवून थोडा वेळ पातळ हायपोक्लोराइटमध्ये धुतले तर त्यांना काही होत नाही आणि जीवाणू बरेच कमी होतात.

शेवटी, पेशीत लागण होणं आणि माणसाला होणं यातही फरक आहे. निरोगी स्वयंसेवकांवर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्रिप्टोच्या आयोवा स्ट्रेनची (वाणाची) निम्म्यांना लागण करणारी मात्रा १३२ ऊसिस्ट आली. १९९९ च्या अभ्यासात तीन स्ट्रेनसाठी हीच मात्रा ९, ८७ आणि १,०४२ अशी निघाली. ऊसिस्ट जिवंत असूनही एवढा फरक. चाचणी ज्या स्ट्रेनवर केली त्याचं नाव रिपोर्टात असलंच पाहिजे.

---

शून्य_दशांश

एक्सिस्टेशनला अगदी टाकाऊ ठरवू नका. ऊसिस्टच्या खेपेचा दर्जा पाहायला ते स्वस्त आणि चांगलं आहे. २.७ पीएचच्या हँक्समध्ये १ तास, धुवा, १०० मायक्रोलिटरला १० मायक्रोलिटर १ टक्का सोडियम डीऑक्सीकोलेट आणि १० मायक्रोलिटर २.२ टक्के सोडियम बायकार्बोनेट, ३७ अंशांवर ४ तास. मग डीआयसीत पूर्ण, अर्धवट रिकामे आणि रिकामे मोजा. सुरुवातीचे रिकामे आधी मोजून ठेवलेच पाहिजेत, नाहीतर जुनाट खेपही उत्तम दिसते. सुट्या स्पोरोझोइटचीही संख्या घ्या: एका ऊसिस्टमधून चार निघायला हवेत. टरफलं भरपूर आणि स्पोरोझोइट थोडेच असतील तर ते आतच मेलेले होते, टरफल नुसतं उघडलं.

ताज्या खेपेत हे ८० टक्क्यांच्या खाली गेलं तर मी ती खेप कल्चरसाठी वापरू नका असंच सांगेन.

---

जंतमोजणी

पाण्याबरोबर भाज्यांचा विषय निघाला म्हणून. तिथे क्रिप्टोइतकीच ॲस्कॅरिसची (आतड्यातल्या गोल जंताची) अंडी महत्त्वाची, आणि त्यांची चाचणी अगदी साधी आहे. रंजक नको, पेशी नकोत, फक्त धीर हवा.

पानं ३० ग्रॅम घ्या, १ मोलर ग्लायसिन (५.५ पीएच) २०० मि.लि. मध्ये पिशवीत हलवा. कुटू नका, पानाचा रस निघाला की पुढे सगळंच बिघडतं. क्रिप्टोसाठी सेंट्रिफ्यूजमध्ये गुरुत्वाच्या २,५०० पट जोराने १० मिनिटं फिरवून मण्यांकडे न्या. नाजूक बेरीसारखी फळं असतील तर पिशवी आडवी धरून फक्त डोलवा.

अंड्यांसाठी गाळ १.२५ घनतेच्या मॅग्नेशियम सल्फेटवर तरंगवा आणि अंडी लगेच पाण्याने धुवा. मिठाच्या दाट द्रावणात रेंगाळलेली अंडी सुरकुततात. धुतलेली अंडी ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लात ठेवा, २६ ते २८ अंश, ४ आठवडे. आम्लाने बुरशी येत नाही आणि अंड्याच्या जाड कवचाला ते बाधत नाही. द्रवाची खोली काही मिलिमीटरच ठेवा आणि झाकण सैल, कारण भ्रूण वाढायला प्राणवायू लागतो. झाकण घट्ट लावलेल्या उंच नळीत सगळी अंडी एका पेशीवरच थांबतात आणि 'मेलेली' असा चुकीचा निकाल येतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे सवयीने ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवणं. त्या तापमानावर वाढ नीट होत नाही.

दर आठवड्याला हळुवार ढवळून थोडी अंडी पाहा. एक पेशी, दोन पेशी, तुतीच्या फळासारखा गोळा, मग आत वळवळणारी अळी. मायक्रोस्कोपच्या उजेडाने थोडी ऊब मिळाली की अळी कूस बदलते, ती हालचाल पाहण्यासाठी प्रत्येक अंड्यावर थोडं थांबा. जिवंत अंडी म्हणजे अळीपर्यंत पोहोचलेली, भागिले एकूण. चौथ्या आठवड्यात अर्धवट वाढलेली अंडी उरली असतील तर आणखी एक आठवडा थांबून पुन्हा मोजा, उष्णतेने किंवा अमोनियाने हादरलेली अंडी उशिरा वाढतात.

मर्यादांपैकी दोन कायम लागतात: शेतीला वापरायच्या सांडपाण्यासाठी डब्ल्यूएचओच्या २००६ च्या मार्गदर्शनात लिटरला १ किंवा त्याहून कमी अंडं, आणि अमेरिकी नियमात सांडपाण्याच्या अ वर्गाच्या गाळात ४ ग्रॅम कोरड्या घनपदार्थात १ पेक्षा कमी जिवंत अंडं. दुसऱ्यात 'जिवंत' शब्द आहे, पहिल्यात नाही. रिपोर्ट लिहिताना कोणती मर्यादा लावता ते आधी पाहा.

सायक्लोस्पोरा या भाज्या-फळांतून येणाऱ्या परजीवीबद्दल एवढंच. त्याला पेशी-कल्चर नाही, प्राणीही नाही. २.५ टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये २५ ते ३० अंशांवर एक-दोन आठवडे ठेवून आत दोन स्पोरोसिस्ट तयार होतात का, एवढंच पाहता येतं. यूव्हीखाली तो स्वतःच निळा चमकतो म्हणून शोधायला सोपा, पण डॅपीच्या निळ्याशी गल्लत होते. रंग न दिलेली एक स्लाइड बाजूला ठेवा.

---

गाळणी_११

८० अंशांची पायरी आम्ही वापरतच होतो, म्हणजे आमच्या नमुन्यांवर जिवंतपणाची कुठलीही चाचणी लावली असती तरी उत्तर एकच आलं असतं. आता आम्लाकडे वळतो. कल्चर सुरू होईपर्यंत रिपोर्टात काय लिहावं?

---

कवचापलीकडे

आकडा, किती लिटरमधून, कंट्रोलमध्ये हाती लागलेले टक्के, किती ऊसिस्टमध्ये केंद्रकं दिसली, किती रिकामे. आणि स्पष्ट शब्दांत: 'संसर्गक्षमता तपासलेली नाही.' 'जिवंत' किंवा 'मृत' हे शब्द रिपोर्टात येऊ देऊ नका. यूव्हीची खात्री त्या यंत्राच्या मात्रेच्या नोंदीवरून द्या: दिव्याची तीव्रता, पाण्यातून किती यूव्ही पार होतं आणि प्रवाहाचा वेग. या तीन नोंदी रोजच्या रोज असतील तर त्या चार ऊसिस्टच्या रंगापेक्षा जास्त खरं सांगतात.

कल्चर सुरू करताना एक काळजी. जिवंत ऊसिस्ट हाताळायचे आहेत आणि टेबल क्लोरिनने पुसून ते मरत नाहीत, वरचा १५,३०० चा आकडा आठवा. कचरा ऑटोक्लेव्ह करा. सांडलं तर टिपून घ्या, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड त्या जागेवर २० मिनिटं ओलं राहू द्या आणि मगच पुसा.